धूळ पाहणारा नावजी

आपल्या खापरपणज्यांच्याही पणज्या रांगत होत्या, तेव्हाची ही गोष्ट. तेव्हा दर दोन कोसांवर एक राजा होता आणि पिकं कापणीला आली की सगळ्यांना लढायची हुक्की यायची. कुसवाडीत नावजी नावाचा टेहळ्या होता. टेकडीवर बसून तो वाटेवरची धूळ बघायचा. फौजेची धूळ दिसली की ओला पाला पेटवून धूर करायचा, आणि गाव गुरंढोरं घेऊन रानात पळायचं. त्याला ढगाआडचंही दिसायचं, असं म्हणतात.

मग लांबून एक चक्रवर्ती राजा आला. त्यानं सगळे छोटे राजे गिळून टाकले आणि, खोटं कशाला बोलायचं, सुख आलं. दारांना कड्या लागेनात. लेकी एकट्या माहेरी येऊ लागल्या. नावजीलाही हायसं वाटलं. पण पुढं राजाची माणसं आली आणि गावचे तरणे गडी फौजेत घेऊन गेली. त्यांत नावजीचा एकुलता एक लेक सटवाही गेला.

लेकाच्या ओढीनं नावजी टेकडीवरच बसून राहिला. त्याची नजर नद्या-डोंगर ओलांडून लांब जाऊ लागली, असं म्हणतात. एके दिवशी पार मुलखापलीकडं त्याला धूळ दिसली. राजाची फौज कुठल्याशा गावावर चालून निघाली होती आणि तिच्या पुढं सटवा होता. लेक जिवंत बघून नावजी आनंदानं रडला. मग त्यानं त्या गावाभोवतीच्या टेकड्या न्याहाळल्या. त्या गावाला टेहळ्या नव्हता. न राहवून त्यानं पाला पेटवला.

इकडं कुसवाडी घाबरून रानात पळाली. कुणीच येईना, तेव्हा पाटील चिडून टेकडी चढला.

"नावजी, कोण आलंय रं?"

"कुणी न्हाई. आपलीच पोरं चालून गेल्याती, दुसऱ्याच्या गावावर."

"मंग आपल्याला कसलं भ्या?"

"त्येच कळंना, पाटील. लढाई सरली म्हणावं, का लांब गेली म्हणावं? सटवा वाचावा म्हणू, का त्ये गाव?"

पाटील त्याच्या शेजारी बसून लांबवर बघू लागला. त्याचाही लेक त्याच फौजेत होता.

तो धूर वाऱ्यानं उचलून त्या गावापर्यंत नेला आणि फौजेला ओस घरं सापडली, असं म्हणतात. सटवा परतला की नाही, ते मात्र प्रत्येकजण वेगळंच सांगतो.

आजही कुसवाडीत पाहुण्यानं "काय, बरं चाललंय ना?" म्हटलं, तर कुणी लगेच हो म्हणत नाही. नावजीचं नाव घेऊन आधी विचारतात, "तुमच्या गावाकडं काय हाय?" आणि तो सांगेपर्यंत त्याच्या तोंडाकडं बघत राहतात.