बागुलबुवाचे बारसे

एकदा एका गुळाच्या व्यापाऱ्याच्या घरातून झोपच बेपत्ता झाली. घर मोठे, गाद्या मऊ, दाराला दणकट कड्या. पण पाच वर्षांच्या लेकीचा, बकूचा, डोळ्याला डोळा लागेना आणि तिच्यापायी घरातले कोणीच झोपेना. कारण विचाराल तर अगदी क्षुल्लक. पोरगी जेवायला फार छळते म्हणून एका संध्याकाळी व्यापारी बोलून गेला, "मुकाट्यानं भात संपव, नाहीतर माळ्यावरचा बागुलबुवा खाली येईल!" भात संपला. बागुलबुवा मात्र माळ्यावर राहिला तो राहिलाच.

ही युक्ती आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. पोर जेवत नाही, बोलवा बागुलबुवाला. पोर ऐकत नाही, बोलवा बागुलबुवाला. बोलावतात सगळेच, त्याला निरोप कसा द्यायचा हे मात्र एकालाही ठाऊक नसते!

"तिथं काही नाही," असे बापाने कितीदा सांगितले, तरी दहा रात्री अशाच गेल्या. बकूचे डोळे खोल गेले, दिवसा खेळता खेळता ती बसल्या जागी कलंडू लागली. वैद्यांनी नाडी पाहिली आणि सांगितले, "हिला औषध नको, झोप हवी. आणखी चार दिवस अशी राहिली तर अंथरूण धरेल." तेव्हा व्यापाऱ्याचे धाबे दणाणले. गावाबाहेर मठीत एक वृद्ध गुरुजी राहत, त्यांच्याकडे तो धावत गेला. गुरुजींनी आधी आपल्या शिष्याला पाठवले.

शिष्य तर्कशास्त्रात मोठा तयार. त्या रात्री तो दिवा घेऊन माळ्यावर चढला, गुळाची ढेप न्‌ ढेप हलवून पाहिली आणि खाली येऊन म्हणाला, "बाळ, वर काहीही नाही."

"तुम्ही दिवा नेलात ना, म्हणून तो लपला," बकू म्हणाली.

मग शिष्य काठी घेऊन चढला आणि माळाभर धोपटून आला. "संपला तुझा बागुलबुवा!"

बकूने भोकाडच पसरले. "आता तो चिडला असेल!"

सकाळी शिष्य खाली मान घालून परतला. "गुरुजी, ती मुलगी माझ्याहून मोठी तार्किक आहे."

गुरुजी पोट धरून हसले आणि स्वतःच निघाले. माळ्याकडे त्यांनी पाहिलेसुद्धा नाही. बकूजवळ मांडी घालून बसले व गंभीरपणे विचारले, "काय गं, दिसतो कसा तो?"

अकरा दिवसांत हे तिला कोणी विचारलेच नव्हते. ती हळूच म्हणाली, "केसाळ आहे. एकच डोळा आहे. आणि पाय नाहीत."

"अरेरे! मग जिना कसा उतरतो बिचारा?"

"घरंगळत," बकू म्हणाली आणि तिला जरासे हसू आले.

"नाव काय त्याचं?"

"नाव नाहीये त्याला."

"नाव नाही? शेटजी, हा तुमच्याकडे जन्मला कधी?"

व्यापारी ओशाळला. "आज बारावा दिवस, महाराज."

"बारावा! आणि हातावर हात धरून बसलात काय? पाळणा काढा, घुगऱ्या शिजवा, शेजारणींना बोलावणं धाडा. आज बारसं करू!"

व्यापाऱ्याने आ वासला. शिष्य गुरुजींच्या कानाशी लागला, "गुरुजी, जे नाहीच त्याला नाव द्यायचं? हे तर असत्याला खतपाणी!" गुरुजींनी नुसता हात वर केला.

संध्याकाळी पाळणा सजला. केसाळ हवा म्हणून जुन्या घोंगडीची वळकटी आणली, एका डोळ्यासाठी मोठे काळे बटण लावले. बायका पदर तोंडाला लावून खुदुखुदु हसत होत्या. गुरुजींनी पुकारले, "आत्याबाई कुठे आहेत? नाव आत्यानंच ठेवायचं असतं. आणि ह्याला ओळखणारं या घरात एकच माणूस आहे."

सगळ्यांनी बकूकडे पाहिले. ती आईला बिलगली. "मला चावला तर?"

आई बोलणार होती, तिला गुरुजींनी खुणेने थांबवले. बकूने पाळण्याकडे टक लावून पाहिले, विचार केला आणि एकदम म्हणाली, "पण बारा दिवसांच्या बाळाला कुठे दात असतात!"

ती पुढे झाली. पाळण्यात वाकली. जोरात "कुर्रर्र" केले आणि नाव ठेवले: गुळांबा! रिवाजाप्रमाणे बायकांनी आत्याबाईंच्या पाठीत धपाटे घातले, बकू खिदळली, घुगऱ्यांवर आळीतली पोरे तुटून पडली. घरात इतका आनंद कित्येक दिवसांत झाला नव्हता.

परतताना शिष्याने विचारले, "गुरुजी, हे काय केलंत?"

गुरुजी म्हणाले, "तो नाही, हे तुला ठाऊक. पण 'आहे' म्हणून सांगणारा तिचा बापच आणि आता 'नाही' म्हणणाराही बापच. पोरीनं कोणत्या बापावर विश्वास ठेवावा? तो तिच्यापुरता जन्मला होता रे. इतके दिवस त्या घरात सगळ्यांत लहान होती बकू आणि सगळ्यांत मोठा होता बागुलबुवा. मी त्याला पाळण्यात घातलं आणि तिला आत्याचा मान दिला. ज्याला आपण सांभाळतो, त्याला आपण भीत नाही."



त्या रात्री व्यापाऱ्याने लेकीच्या खोलीत हळूच डोकावले. बकूने घोंगडीची वळकटी कुशीत घेतली होती. तिला थोपटत ती अर्धवट झोपेत पुटपुटत होती, "घाबरू नको हं गुळांबा. मी आहे ना." थोपटणारा हात मंदावला, थांबला. बकूला गाढ झोप लागली.

व्यापारी दारातच उभा राहिला. अकरा रात्रींत त्याने तिला शंभरदा सांगितले होते, "तिथं काही नाही." लेकीच्या तोंडचे हे वाक्य मात्र त्याला एकदाही सुचले नव्हते. तो आत गेला, उशाशी बसला आणि झोपलेल्या लेकीच्या केसांवरून हात फिरवीत म्हणाला, "बकू, मी आहे गं."