भिंगरीचा नाच

एका राज्यात फुलांची वाट शब्दांत सांगता येत नसे. तिथल्या मधमाश्यांच्या बोलीत भूक होती, लाड होते, चहाड्या तर भरपूर होत्या. पण डावे-उजवे, जवळ-लांब यांना शब्दच नव्हते. जिला फुले सापडत ती पोळ्यात येऊन नाचे. सूर्याच्या कुठल्या अंगाला वळायचे, किती उडायचे, सगळे तिच्या गिरक्यांत असे. बाकीच्या माश्या अंधारात तिला मिशा टेकवून तो नाच समजून घेत आणि नेमक्या फुलांवर जाऊन बसत.

भिंगरी त्यांतली सर्वांत जुनी. तिच्या नाचावर विसंबून गेलेली माशी कधी रिकामी परतली नव्हती.

एके दिवशी समुद्रापलीकडून एक चकचकीत भुंगा आला. त्याने गोड पाण्याचे द्रोण दाराशी ठेवले आणि म्हणाला, रोज आणीन, बदल्यात मध द्या. साऱ्या देशांचा मध एकाच रांजणात पडणार होता. कुठेही चाखा, चव तीच. राणीने विचारले, आमच्या कारवीच्या मधाचे काय? तोही त्यातच असेल, भुंगा म्हणाला.

सुख झाले, हे नाकारण्यात अर्थ नाही. वेडे राघू हे पक्षी माश्यांना वाटेत टिपून खात, ते थांबले. पंख झिजेनासे झाले. भिंगरीनेही ते पाणी प्यायले आणि तिलाही ते आवडले.

नाचाला मात्र काम उरले नाही. भुंग्याबरोबर येणाऱ्या पाहुण्यांना तो बघायला आवडे, म्हणून तरुण माश्या त्यांच्यापुढे नाचू लागल्या. उठून दिसावे म्हणून त्यांनी दोन गिरक्या वाढवल्या. त्या गिरक्या कुठल्याच फुलांकडे जात नव्हत्या. भिंगरीला ते बघवत नसे. ती तोंड फिरवून बसे.

मग फार लांबच्या दोन बागांचे भांडण झाले. त्यांची नावेही पोळ्यात कुणाला धड घेता येत नव्हती. पण द्रोण यायचे बंद झाले. माश्या दाराशी समुद्राकडे तोंड करून बसल्या. आधी अळ्या सुकल्या, घरात सगळ्यांत लहान त्याच.

भिंगरी उठली आणि डोंगरापलीकडे गेली. कित्येक वर्षांतून एकदा फुलणारी कारवी तिथे फुलली होती. सारा उतार जांभळा झाला होता. ती परतली तेव्हा तिचे पंख फाटले होते. पुन्हा उडणे आता होणार नव्हते.

"फुलं आहेत," ती म्हणाली. "सगळ्यांना पुरतील एवढी."

"कुठे, ताई?" केसर नावाच्या धाकट्या बहिणीने विचारले.

भिंगरी नाचली. आयुष्यात इतका नीट नाच तिने केला नव्हता. सगळ्या लांबून बघत राहिल्या. मिशा टेकवायला कुणी पुढे आले नाही. नाच संपल्यावर त्यांनी पंख फडफडवून तिचे कौतुक केले.

"छान नाचलीस, ताई," केसर म्हणाली. "पण फुलं कुठे आहेत?"

भिंगरीने पुन्हा नाच केला. मग पुन्हा. तिला रडू येत होते आणि पाय थांबत नव्हते. पहाटे ते थांबले.

पोळे हळहळले. भिंगरीवर सगळ्यांचा जीव होता, त्यात खोटे काही नव्हते. तिची आठवण म्हणून तिचाच नाच करायचा, असे केसरने ठरवले. या वेळी कुणी एकही गिरकी वाढवली नाही. उपाशी माश्या ओळीने उभ्या राहिल्या आणि तिने केला तसाच नाचल्या: सूर्याच्या उजव्या अंगाला, ओढा ओलांडून, डोंगराच्या मागे. एकीचेही पाऊल चुकले नाही. डोंगरामागे कारवीची फुले गळत होती.