गैबूचाचा आणि बुजलेली घटका

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची म्हणाल, तर तुमच्या आजोबांच्या नाकाला शेंबूड यायच्याही आधीची. तेव्हा बोरखडीत गैबू कल्हईवाला राहायचा. चिंचेखाली त्याची भट्टी, भट्टीशेजारी भाता, आणि हातात डाख द्यायची सळई. कथील वितळवून भांड्याचं भोक बुजवायचं, म्हणजे डाख द्यायचा. गैबूची सळई म्हणजे काय, तर मोडक्या लोखंडाला तारेनं बांधलेला तांब्याचा तुकडा. तीही वाकडी. पण त्यानं डाख दिलेलं भांडं पुन्हा कधी गळलं नाही. असं म्हणतात, एकदा त्यानं फुटक्या घागरीला असा डाख दिला, की ती घागर भर उन्हाळ्यात विहीर आटल्यावरही भरलेली राहिली.

गैबूची एक सवय होती. भांडं हातात आलं, की आधी ते उजेडाकडे धरायचा आणि बघत बसायचा. बायका वैतागायच्या.

"चाचा, सोयरीक जमवताय का भांड्याची?"

"बघाय नको व्हय? तुझ्या नवऱ्याला न बघता केलंस, त्याचं काय झालं?"

मग त्या बाईचा नवराच सगळ्यात मोठ्यानं हसायचा.

अशात आबाजी तांबट मुंबईहून परतला. गाव सोडलं तेव्हा तो मांडीएवढा होता. आता परतला तो लग्न करायला, आणि येताना विलायती पेटी घेऊन आला. पेटीत मखमल, मखमलीवर हस्तिदंती मुठीची सळई, टोक सुईसारखं. दुभती म्हैस द्यावी तेव्हा तशी एक सळई यावी, इतकी महाग. गाव पेटीभोवती गोळा झालं. आबाजी म्हणाला, "चाचा, तुमची ती वाकडी काठी आता शेळ्या हाकायला द्या."

लोक खो खो हसले. गैबूही हसला. पण मनात त्याच्या चरचरलं. चाळीस वर्षं तो या गावाची भोकं बुजवत होता, आणि गाव मखमलीला भुललं होतं. तरी त्यानं ती सळई हातात घेऊन उजेडाकडे धरली, आणि खरं तेच बोलला, "हत्यार झ्याक हाय, पोरा."

लग्नाच्या आदल्या दिवशी गावाचे मुहूर्त बघणाऱ्या नाना जोशांनी एक जुनं तांब्याचं वाटीवजा भांडं आबाजीकडे पाठवलं. काठ चेपलाय, सरळ करून दे, एवढाच निरोप. आबाजीनं काठ सरळ केला. मग पाणी भरून पाहिलं, तर बुडाशी एक थेंब. मोहरीहून बारीक भोक! आबाजीच्या सळईला तर असलंच काम हवं होतं. त्यानं इतका देखणा डाख दिला, की बोट फिरवलं तरी कळू नये.

दुसऱ्या दिवशी सूर्याची कड टेकडीवर आली, आणि नानांनी ते भांडं पाण्याच्या घंगाळात सोडलं. ते होतं घटिकापात्र. बुडाच्या भोकातून पाणी आत येतं, पात्र भरून बुडतं, की एक घटका झाली. मुहूर्त दहाव्या घटकेचा. पात्र तरंगू लागलं, आणि तरंगतच राहिलं.

असं म्हणतात, त्या दिवशी सूर्य टेकडीच्या खांद्यावरच अडकला. लोकांना तीनदा भूक लागली, तीनदा न्याहारी झाली, पण गवतावरचं दव वाळेना. कोंबड्यानं दिलेली बांग संपेना. चुलीवरचं दूध काठाशी आलं आणि तिथंच थांबलं. नवरी लंका मुंडावळ्या बांधून बसली होती. तिच्या अंगावरची हळद सुकून तडकली.

"नाना, वेळ झाली का?"

"पहिली घटका भरली नाही," नाना म्हणाले. "घटका भरत नाही तोवर वेळ होत नाही."

लंकेचा मामा उठला. "ज्या गावात वेळच होत नाही, तिथं आम्ही पोर देत नाही. गाड्या जुंपा!"

गैबू पुढं आला. त्यानं पात्र उचललं आणि उजेडाकडे धरलं. उजेडाचा धागाही आत येईना.

"आबाजी, ह्याचं भोक कुठाय?"

"बुजवलं की! गळत होतं."

नानांनी कपाळ धरलं. आबाजीचा चेहरा कल्हई केल्यासारखा पांढरा पडला. गैबूच्या ओठांवर टोमणा आला होता, चांगला झणझणीत. पण त्यानं लंकेच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि टोमणा गिळला.

"डाख काढावा लागंल. जुनं भोक खालीच हाय, पण केसभर जरी मोठं झालं, तर घटका कायमची खोटी पडंल. माझी काठी हितं चालायची न्हाय. तुझी ती मखमलीतली राणी दे."

आबाजीनं पेटी उघडून सळई दिली. गैबूनं ती मांडवाशेजारच्या आपल्या भट्टीत तापवली. भाता आबाजीकडून हाणून घेतला. टोक डाखाला टेकलं, कथील पाझरलं, आणि गैबूनं फुंकर मारली. मोहरीएवढा चंदेरी थेंब खाली पडला. असं म्हणतात, त्या भोकातून सूर्याचा किरण निघाला तो थेट लंकेच्या कपाळावर टेकला.

पात्र पाण्यात सोडलं. सगळं गाव घंगाळावर वाकलं. ढुब! पात्र बुडालं, कोंबड्याची बांग संपली, दूध उतू गेलं, आणि सूर्य टेकडीवरून सुटला. दहाव्या घटकेला अक्षता पडल्या.

जेवताना आबाजी म्हणाला, "चाचा, सळई तुम्हीच ठेवा. मला महागात पडली."

"खुळ्या, ती व्हती म्हणून तर तुझं लगीन लागलं. मोलाची हाय ती. पण तिला हात हायत, डोळं न्हाईत. ते तुझं तू लाव."

गैबू कधी गेला, कुठं गेला, कुणाला ठाऊक नाही. त्याची वाकडी सळई मात्र चिंचेखाली, जुन्या भट्टीच्या कोनाड्यात आहे. बोरखडीत आजही कुणी नवं हत्यार आणलं, मग तो सुतार असो, पंपवाला असो की मोबाईल दुरुस्त करणारा, तर ते पहिला दिवस कामाला लावत नाहीत. जितकं महाग, तितकं आधी त्या कोनाड्यात, वाकड्या सळईशेजारी ठेवतात. दिवसभर ते नुसतं बघतं.

मग दुसऱ्या दिवशी मालक ते उचलतो, समोर आलेली वस्तू उजेडाकडे धरतो, आणि हात लावायच्या आधी विचारतो, "चाचा, हे भोक कामाचं की बिनकामाचं?"