मंत्रीसाहेबांचा खिसा

कपड्यांआड लपवलेलं हत्यार ओळखणारं रडार बनवायला मला सात वर्षं लागली. उद्घाटनाला मंत्रीसाहेब आले. फीत कापून ते ऐटीत रडारसमोर उभे राहिले आणि यंत्र बोंबलायला लागलं. पडद्यावर त्यांच्या खिशात काहीतरी टोकदार दिसत होतं.

"माझ्याकडे हत्यार?" साहेब कडाडले. "यंत्र खोटं की मी गुंड, ते आत्ता सांगा."

मंत्र्यांचा खिसा तपासणार कोण? मी लगेच शेपूट घातली. "यंत्रच चुकलं असेल, साहेब." साहेबांनी ते भंगारात काढायचा हुकूम सोडला.

तेवढ्यात आमच्या ऑफिसातल्या शिपाई शेवंतामावशी हात जोडून पुढे झाल्या. "साहेबांनी परीक्षा मात्र बरोबर घेतली. फीत कापलेली कात्री मुद्दाम खिशात ठेवली. एवढ्या माणसांत कुणाला कळलं नाही, यंत्राला तेवढं कळलं."

साहेबांनी खिसा चाचपला, कात्री बाहेर काढली आणि हसले. "मग? पारखल्याशिवाय घेतो की काय आम्ही?"

यंत्र तिथल्या तिथे मंजूर झालं. साहेबांनी कात्री परत तबकात ठेवली. ते रिकामं तबक इतका वेळ मीच दोन्ही हातांत धरून उभा होतो.