साहेबांनी पाठवलंय

गेनूतात्यांच्या गावी येणारा माणूस ओसरीपाशी थांबून खाकरायचा, आणि त्या खाकरण्यावरून घरात कळायचं, कोण आलंय ते. लेकाच्या नव्या फ्लॅटमधली बेल मात्र सगळ्यांसाठी सारखीच वाजायची. तात्या दर वेळी गोंधळायचे.

एका दुपारी बेल वाजली. लेक-सून कामावर होते. तात्यांच्या पत्नी हौसाबाई डोळ्याचं ऑपरेशन झाल्यामुळे आत काळा चष्मा लावून पडल्या होत्या. तात्यांनी साखळी न काढता दार किलकिलं केलं. बाहेर गळ्यात कार्ड अडकवलेला एक रुबाबदार माणूस उभा होता.

"गॅस ऑफिसातून आलोय, आजोबा. गळती तपासायची आहे. दार उघडा, नाहीतर आत्ता कनेक्शन तोडतो."

तात्या बुचकळ्यात पडले. माणूस खरा असला तर संध्याकाळची चूल बंद, आणि खोटा असला तर हौसाला घेऊन पळणार कुठं? दारावर पाटीही अजून जुन्या मालकाचीच होती. त्यांनी सावकाश विचारलं, "पोखरकर साहेबांनी पाठवलं का?"

"हो, पोखरकर साहेबांनीच. सकाळीच म्हणाले, या घरी आधी जा."

तात्यांनी मान मागं वळवली. "अगं हौसा, पोखरकर तर मीच ना? मग मी याला सकाळी कधी पाठवला? मी तर तुझ्या डोळ्यात थेंब घालत होतो."

"ते राहू द्या," आतून हौसाबाई म्हणाल्या. "तुम्ही साहेब कधी झालात, ते सांगा आधी."

तात्यांनी फटीतून पुन्हा बाहेर पाहिलं. "आता तूच सांग बाबा. आम्हा दोघांनाही काही कळेना."

त्या माणसानं गळ्यातलं कार्ड खिशात कोंबलं आणि लिफ्टची वाट न बघता तो जिना उतरून गेला.