चेपलेले कान

एकदा एका वृद्ध मेंदूरोगतज्ज्ञांच्या हाताखाली एक अतिशय हुशार शिष्या काम करीत होती. अल्झायमर माणसाची स्मृती पुसू लागण्याच्या कितीतरी आधी मेंदूच्या चित्रात त्याची चाहूल लागावी, हा तिचा ध्यास. त्यासाठी आजारी आणि निरोगी माणसांचे असंख्य एमआरआय दाखवून तिने डीप लर्निंगच्या पद्धतीने संगणकाला शिकवले होते. संगणक क्वचितच चुके, त्यामुळे शिष्येची मान जरा ताठ झाली होती. त्या वयात एवढे चालायचेच.

एके सकाळी मसाल्याचे एक व्यापारी पत्नीसह आले. पत्नी म्हणाली, "डॉक्टर, यांच्या हातचा गोडा मसाला गावभर जातो. पण हल्ली दगडफूल एकदा घातलं तरी परत घालतात. सांगितलं की माझ्यावरच चिडतात."

"हिला सगळ्यातच खोट दिसते," व्यापारी हसत म्हणाले.

तपासणी झाली. संगणकाने निर्वाळा दिला: निरोगी. व्यापाऱ्यांनी विजयी मुद्रेने पत्नीकडे पाहिले आणि ती बिचारी खाली मान घालून घरी गेली.

शिष्या अहवालावर सही घ्यायला आली, तेव्हा गुरूंनी पेन बाजूला ठेवले. "आधी तू एमआरआयसाठी आडवी हो."

"मी? सर, मला काय झालंय?"

"हो तर खरी."

त्यांनी स्वतः तिच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना जाड उशा ठासून बसवल्या. चित्र निघाले. संगणक म्हणाला: अल्झायमर.

शिष्या पांढरीफटक पडली. "सर, अजून माझी तिशीही उलटली नाही!"

गुरू मिश्कीलपणे हसले. त्यांनी तिच्या चित्रातले कान काळ्या पट्टीने झाकायला लावले आणि तेच चित्र संगणकाला पुन्हा दाखवले. आता उत्तर आले: निरोगी.

"कान?" शिष्या पुटपुटली.

"त्या बाईंचं दगडफूल माझ्या डोक्यातून जाईना, म्हणून संगणकानं आजारी ठरवलेली चित्रं मी पाहत बसलो," गुरू म्हणाले. "तू संगणकाला शिकवायला घेतलेले बहुतेक रुग्ण आजार बळावलेले होते. त्यांना स्वस्थ पडवत नाही. डोकं हलू नये म्हणून आपलेच लोक त्यांना उशा लावतात, त्या उशांखाली कान चेपतात. मेंदूतल्या पुसट खुणा शोधण्यापेक्षा संगणकाला कान सोपे वाटले. त्याला दोष देऊ नकोस, कान झाकून पुन्हा शिकव. पण एक ध्यानात घे. आपण ज्यांना आधीच ओळखलं होतं, त्यांनाच तो ओळखत होता. ज्याचा आजार आत्ता कुठे उंबरठ्याशी आलाय, तो माणूस शांत पडून राहतो. आपली सगळी धडपड त्याच्यासाठीच होती ना?"

शिष्येला अपराधी वाटले. तिने लगेच व्यापाऱ्यांच्या घरी फोन केला. दुसऱ्या दिवशी दोघे पुन्हा आले. व्यापाऱ्यांनी कौतुकाने भिंती, खुर्च्या, खिडकी न्याहाळली.

"छान आहे हो तुमचा दवाखाना," ते म्हणाले. "आम्ही पहिल्यांदाच येतोय इथे."

पत्नीने शिष्येकडे पाहिले. शिष्येने लॅपटॉप मिटला आणि आपली खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

"काकू," ती म्हणाली, "दगडफुलाचं मला पहिल्यापासून सांगा."