कच्चा पूल

त्या मुलखात दरी होती, आणि दरीवरचा पूल एका वर्षापलीकडे टिकत नसे. गवताचाच दोर तो. ऊन-वारा खाऊन कुजायचा, आणि दर वर्षी नवा पूल विणावा लागायचा.

विणायचं काम सुगरण पक्षिणींकडे होतं. दोर त्या वळत नसत. तो वरच्या डोंगरातली माकडं वळून खाली सोडून देत, कधी घट्ट, कधी वळता वळता कंटाळा आल्यासारखा. सुगरणी त्याला गाठी मारायच्या आणि फळ्या अडकवायच्या. हे सगळं पिलांना भरवून उरलेल्या वेळात. सांगितलं कुणी नव्हतं, आवड होती म्हणून.

नवा पूल झाला की त्याच्या तोंडाशी एक लाल चिंधी बांधायची रीत होती. चिंधी म्हणजे पूल कच्चा. मग ज्यांना हौस असेल त्यांनी त्यावर चालून बघायचं आणि कुठे काय हललं ते चिमाताईला, म्हणजे सुगरणींमधल्या थोरलीला, येऊन सांगायचं. सलग नऊ दिवस तक्रार आली नाही की चिंधी सोडायची. पूल पक्का. मग शेळ्यांचा कळप पलीकडच्या कुरणात जायला मोकळा.

हौस असणारे तिघं होते. एक गाढव, एक साळिंदर आणि गोदाक्का नावाची मध्यमवयीन शेळी. गोदाक्काचं अंग जरा सुटलेलं होतं, आणि आपली या कामासाठी निवड देवानंच केली आहे असं ती म्हणायची. जो पूल तिला पेलेल, तो कुणालाही पेलेल.

त्या वर्षी गोदाक्कानं पहिल्या फळीवर पाय ठेवला आणि फळीसकट खाली गेली. नशिबानं तिथे दरी नव्हती, करवंदीची जाळी होती.

अंगातले काटे काढत ती चिमाताईकडे गेली. चिमाताईनं सगळं मन लावून ऐकून घेतलं. कुठलं खूर आधी टेकवलं, वारा कुठून होता, पाला खाऊन आली होतीस की उपाशी, असं बरंच काही विचारलं. शेवटी म्हणाली, "पुन्हा एकदा पडून दाखवशील का? म्हणजे नक्की कळेल."

गोदाक्काचा स्वभाव भिडस्त. फळी जागेवर अडकवून ती पुन्हा पडली. या वेळी मागचा पाय मुरगळला.

"चिमे, विसावी फळी निघाली असती तर मी काही बोलले नसते," ती जाळीतूनच म्हणाली. "पण ही पहिली गं."

"आक्का, चिंधी दिसली होती ना?"

"दिसली म्हणूनच तर आले. पण कच्चा म्हणजे कुणी न बघितलेला, असं नव्हतं मला वाटलं."

चिमाताईला ते लागलं. "बघितलाय की. आम्ही चौघी बसलो होतो त्याच्यावर. हललासुद्धा नाही."

गोदाक्कानं तिच्याकडे पाहिलं. चिमाताईचं वजन सुक्या पानाएवढं होतं.

चिमाताईनं पहिली फळी बांधून दिली, तीही दोन गाठींनी. पण प्रत्येक फळी आम्हीच तपासायची तर तुम्ही कशाला, आणि पिलांना भरवायचं कुणी, असं तिनं तिघांनाही ऐकवलं. साळिंदराची तक्रार अशी की दोर टोचतो. ते तुझेच काटे आहेत, असं त्याला सांगण्यात आलं, आणि ते खरंही होतं. तो रुसून बिळात गेला तो आलाच नाही. गाढव म्हणालं, पूल त्यांचा, पाय आपले. तेही चरायला निघून गेलं. गोदाक्का पाय शेकत घरी पडून राहिली.

पुलावर कुणी चाललं नाही. नऊ दिवस एकही तक्रार आली नाही. इतकं शांत वर्ष कधी गेलं नव्हतं, असं सुगरणी एकमेकींना सांगत होत्या.

दहाव्या दिवशी सकाळी चिमाताईनं चिंधी सोडली आणि मऊ होती म्हणून घरट्यात अंथरली. कळप दरीच्या काठाशी आला. गोदाक्का लंगडत पोचली तेव्हा म्होरक्या, धोंडूतात्या, पहिल्या फळीसमोर उभा होता.

"तात्या, मधल्या फळ्यांवर कुणीच चाललेलं नाही."

"एक तरी तक्रार आली का?"

"चाललंच नाही कुणी, तर तक्रार कोण करणार?"

"म्हणजे आली नाही," तात्या म्हणाला. तो काही वाईट नव्हता. त्याच्यामागे साठ उपाशी तोंडं होती, आणि अलीकडच्या काठावर आता बाभळीचे काटे तेवढे उरले होते. एवढी खात्री असेल तर तूच का नाही सांगितलंस, असंही त्यानं विचारलं.

पुलाच्या मधोमध दोरावर चिमाताई आणि तिच्या तिघी ओळीनं बसल्या होत्या. दोर जराही वाकला नव्हता.

"आक्का, उगाच घाबरवू नकोस त्यांना," चिमाताई तिथून प्रेमानं म्हणाली. "आत्ताही बसलोय की आम्ही."

गोदाक्कानं खाली दरीत पाहिलं, मग मागे कळपाकडे पाहिलं. "सरका तर मग," ती म्हणाली. "वजनदार माणसांनी पुढे असावं."

दुखरा पाय उचलून धरत ती पहिल्या फळीवर चढली. फळी राहिली. तिच्यासाठी गोदाक्का दोनदा पडली होती. दुसरीही राहिली. तोवर मागून तात्या चढला होता, त्याच्यामागे त्याची बायको, मग बाकीच्या एकामागे एक, आणि आता वळायचं म्हटलं तरी जागा नव्हती.

मध्याजवळ पूल थरथरला.

तशा दोरावर बसलेल्या चौघी जणी, सवयीनं, पंख उघडून हवेत उडाल्या.